वसतिगृहातले साने गुरुजी

जून-जुलैचे दिवस आले की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एस.टी. स्थानकांवर एक ठरावीक दृश्य दिसू लागते. मेहकर, चिखली, मोताळा, जळगाव जामोद, कुठल्याही फलाटावर पाहा. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात गादीची वळकटी, खांद्याच्या पिशवीत आईने बांधून दिलेली भाकर आणि ठेचा, आणि शेजारी कॉलेजच्या फाटकापर्यंत एक शब्दही न बोलणारा बाप. पेटीची जागा आता चाकांच्या बॅगेने घेतली आहे, बाकी चित्र तेच आहे. मी एका महाविद्यालयाच्या वसतिगृहाचा सतरा वर्षे रेक्टर होतो. हे चित्र मी फाटकाच्या आतल्या बाजूने पाहिले. बाप परत फिरतो, मुलगा खोलीचा क्रमांक शोधत जिना चढतो, आणि त्या क्षणापासून त्या मुलाचे मन ही कोणाची जबाबदारी, याचे उत्तर प्रवेशपत्रिकेत कुठेच लिहिलेले नसते.

याच जून महिन्याच्या अकरा तारखेला साने गुरुजींची पुण्यतिथी येते. फोटोला हार घातला जातो, एखाद्या प्राध्यापकाचे भाषण होते आणि 'श्यामची आई'च्या आठवणीने सभागृह थोडे हळवे होते. मीही अशी भाषणे केली आहेत. परंतु ज्या माणसाच्या तसबिरीपुढे आपण उभे आहोत, तो एकेकाळी आपल्यासारखाच वसतिगृह सांभाळणारा नोकरदार माणूस होता, ही गोष्ट बरीच वर्षे माझ्या ध्यानातच आली नव्हती. गुरुजी लेखक होते, सत्याग्रही होते, पंढरपूरचे मंदिर खुले करणारे होते, हे सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र आता सर्वांत जवळचे वाटतात ते अमळनेरच्या छात्रालयातले गुरुजी. आज ज्याला आपण समुपदेशक म्हणतो, ते काम त्यांनी तो शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी केले. आणि त्या कामाची जी किंमत असते, तीही त्यांच्या आयुष्यात दिसते. त्यांच्या चरित्राचे हे दोन्ही भाग एकत्र वाचल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येणार नाही, असे मला वाटते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे. परंतु वडिलांच्या काळापर्यंत खोतीचे नावच तेवढे उरले होते आणि कर्ज मात्र दरवर्षी वाढत होते. सावकाराचा तगादा, भाऊबंदकी, घरावर आलेली जप्ती आणि त्या सगळ्यात मान खाली घालून वावरणारे वडील, हे सारे या मुलाने लहानपणीच पाहिले. कोकणातला खोत आणि वऱ्हाडातला कापूस-सोयाबीन पिकवणारा शेतकरी यांच्यात पुष्कळ अंतर आहे. पण कर्जदार बापाचा मुलगा कुठेही गेला तरी सारखाच असतो. तो फी भरायच्या दिवशी आजारी पडतो, सहलीला जात नाही, आणि घरून फोन आला की आधी घाबरतो. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे पश्चिम विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास पॅकेज दिले, त्यांत आपला बुलढाणा होता. त्या घरांतली मुले पुढे कुठे गेली, असा प्रश्न पडला तर उत्तर सोपे आहे. त्यांतली काही आमच्या वसतिगृहात आली.

पांडुरंगाचे घर शिक्षणासाठी लवकर सुटले. आधी दापोली, मग औंध, मग पुणे. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाखाण्याची सोय होते असे ऐकून हा मुलगा इतक्या लांब गेला. तिथे त्याच्या पोटाचे हाल झाले, शिवाय प्लेग आला आणि परत फिरावे लागले. पुढे पुण्यात नूतन मराठी विद्यालयात तो शिकत असताना, १९१७ साली, आई गेली. मुलगा घरी पोहोचला तेव्हा सारे आटोपले होते. परगावी शिकणाऱ्या मुलाच्या मनात घरची काळजी आणि घरापासून दूर असल्याचा अपराधीपणा एकाच वेळी कसा राहतो, हे ज्याने वसतिगृह चालवले आहे त्याला सांगावे लागत नाही. गुरुजींच्या मनात तो अपराधीपणा जन्मभर राहिला. महाराष्ट्राला त्यातून एक पुस्तक मिळाले; पण त्याआधी अमळनेरच्या मुलांना त्यातून एक माणूस मिळाला.

अमळनेर आम्हा बुलढाणेकरांना फार लांबचे नाही. मलकापूरला गाडीत बसावे, भुसावळ, जळगाव करावे आणि तिथून सुरतेच्या लोहमार्गाने पुढे जावे. या गावात प्रताप शेठजींच्या औदार्यातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. एम.ए.चा अभ्यास करणारे साने १९२३ मध्ये तिथे दाखल झाले. पण ब्रह्म आणि माया यांच्या कोरड्या चर्चेत त्यांचे मन रमले नाही. १९२४ च्या जूनमध्ये ते त्याच गावातल्या शाळेत, पुढे प्रताप हायस्कूल म्हणून जी ओळखली गेली त्या शाळेत, शिक्षक झाले. थोड्याच काळात वसतिगृहाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. वय पंचविशीचे, स्वभाव कमालीचा लाजाळू, अंगावर साधे कपडे, आवाजात कसलाही दरारा नाही. वसतिगृहावर नेमण्यासाठी माणूस शोधायचा असता तर कोणत्याही संस्थाचालकाने याला बाजूला ठेवले असते!

त्या काळी खानदेशातली खेड्यांतली मुले शिकायला अमळनेरला येत. शेतकऱ्यांची, लहान व्यापाऱ्यांची, नोकरदारांची मुले. काही वांड, काही आईवेडी, काही पहिल्यांदाच गावाबाहेर पडलेली. त्यांच्यावर शिस्त बसवायची म्हणजे छडी आणि दंड, अशी सर्वसाधारण समजूत होती. साने मास्तरांनी ती वाट सोडली. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्यांतून फिरत. अस्ताव्यस्त अंथरुणे नीट घडी करून ठेवीत, केर काढीत, कंदिलाच्या काजळलेल्या काचा पुसून लख्ख करीत, कोणाचे मळलेले कपडे पडले असतील तर तेही धुवून टाकीत. सुरुवातीला मुलांना गंमत वाटली. काहींनी ही फुकटची सोय समजून आणखी कपडे तिथेच टाकले. मास्तर रागावले नाहीत, बोललेही नाहीत. हळूहळू मुलांनाच लाज वाटू लागली, आणि खोल्या झाडलेल्या दिसू लागल्या.

या गोष्टीचे तात्पर्य आपण नेहमी स्वच्छतेपाशी आणून संपवतो. मीही पुष्कळ वर्षे तसेच केले. परंतु रेक्टरच्या खुर्चीत बसल्यावर मला तिचा दुसरा अर्थ लागला. जो माणूस रोज मुलाच्या खोलीत जातो, त्याचे अंथरूण उचलतो, त्याला त्या मुलाबद्दल काय काय कळत असेल! उशी ओली आहे का, पुस्तकावर धूळ किती दिवसांची आहे, कंदिलातले तेल रात्रभर जळाले आहे की दिवा लावलाच नव्हता, घरून आलेले पत्र फोडलेले आहे की तसेच पडले आहे. मूल तोंडाने सांगत नाही ते त्याची खोली सांगते. मुलगा आजारी पडला तर गुरुजी त्याच्या उशाशी रात्र काढीत. ज्याचे घर शंभर कोस लांब आहे त्याला पहाटे जाग आली तर कोणीतरी जागे आहे हे दिसे. हे सारे नुसत्या सेवाभावाने होत नाही. त्यासाठी रोजच्या साध्या गोष्टींकडे बघणारी नजर लागते.

दुसरी गोष्ट 'छात्रालय' दैनिकाची. मुलांसाठी हे दैनिक गुरुजी स्वतःच्या हाताने लिहून काढीत. छापखाना नाही, वर्गणी नाही, वाचक म्हणजे वसतिगृहातली पोरे. देशातल्या घडामोडी, थोरांची चरित्रे, कविता, इतिहास, वसतिगृहातलेच काही बरे-वाईट, असा मजकूर त्यात असे. पुढे 'विद्यार्थी' नावाचे मासिकही त्यांनी काढले. दिवसभर शिकवून, रात्री मुलांची उठबस करून हा माणूस रोज पाने लिहीत होता. समोर बसवून प्रश्न विचारले की मुलगा गप्प होतो. पण सर्वांसाठी लिहिलेल्या मजकुरात त्याला आपल्या मनातले सापडले तर तो आपणहून जवळ येतो. हे तंत्र गुरुजींनी कुठल्या ग्रंथात वाचले नव्हते. ते स्वतः असा गप्प मुलगा होते, म्हणून त्यांना ते ठाऊक होते.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. माझ्या वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. एके वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी मला येऊन सांगितले की एक मुलगा ताटात घेतलेले तसेच टाकून उठतो. मी म्हटले, परीक्षा जवळ आली आहे. आठवड्याने त्या पुन्हा आल्या आणि म्हणाल्या की आता तो ताट घ्यायलाही येत नाही. मी मेसच्या हिशेबाच्या वहीत मान घालून बसलो होतो. बघतो म्हणालो आणि विसरलो. तिसऱ्यांदा त्या माझ्याकडे आल्याच नाहीत. त्या रात्रपाळीच्या चौकीदाराशी बोलल्या. दोनच दिवसांनी पहाटे तीनच्या सुमारास तो मुलगा फाटकापाशी आला. चौकीदाराने त्याला अडवले नाही की दरडावले नाही. शेकोटीजवळ बसवले, चहा पाजला, आणि उजाडेपर्यंत त्याच्याशी बैलांच्या, पाण्याच्या, गावच्या जत्रेच्या गोष्टी करीत राहिला. उजाडल्यावर मला बोलावणे आले. मुलगा परत न येण्याच्या निश्चयाने बाहेर पडला होता. पुढे वडील आले, डॉक्टर झाले, औषधे झाली, एक वर्ष वाया गेले. पण मुलगा वाचला. त्याला वाचवले ते एका स्वयंपाकिणीने आणि एका चौकीदाराने. पदवीधर रेक्टर त्या वेळी हिशेब जुळवीत होता.

त्या दिवसानंतर मी गुरुजींचे चरित्र पुन्हा काढून वाचले, आणि खोल्या झाडणारा तो मास्तर मला नव्याने दिसला.

अमळनेरचे हे काम एकूण सहा वर्षांचे. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा गुरुजींनी शाळेचा राजीनामा दिला आणि चळवळीत उडी घेतली. त्यानंतर ते पुन्हा कधीही पगारी शिक्षक झाले नाहीत. पण त्यांच्यातला वसतिगृहाचा गुरुजी मात्र शेवटपर्यंत गेला नाही. धुळ्याच्या आणि त्रिचनापल्लीच्या तुरुंगांत ते गेले. तिथेही बराक म्हणजे त्यांचे वसतिगृहच झाले. त्रिचनापल्लीला दक्षिणेतल्या राजबंद्यांच्या सहवासात ते तामिळकडे वळले, आणि तिरुवळ्ळुवरांच्या कुरल या ग्रंथाचा त्यांनी मराठी अनुवाद केला. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. फेब्रुवारी ते जून, दर रविवारी एक. ती आज आपल्याला वाचायला मिळतात याचे कारण श्रोत्यांत साने गुरुजी होते आणि ते बोलण्याच्या वेगाने लिहून घेत होते. 'गीता प्रवचने' या ग्रंथाचे पुढे कितीतरी भाषांत अनुवाद झाले. विनोबांची वाणी थोर होती यात शंका नाही. मला मात्र त्यात ऐकणाऱ्याचेही थोरपण दिसते. दुसऱ्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत, आपले काही न घालता मनात साठवणे ही फार अवघड विद्या आहे. समुपदेशन म्हणजे सल्ला देणे, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग ऐकण्याचा असतो, आणि गुरुजी हे आधी ऐकणारे होते.

१९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली आणि १९५३ साली आचार्य अत्र्यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. हे सर्वश्रुत आहे. पण या पुस्तकाची मांडणी पुन्हा एकदा पाहावी. आश्रमातले मित्र रात्री एकत्र जमतात आणि श्याम त्यांना आपल्या आईची आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. दिवसाची कामे संपल्यावर, दिवा मध्ये ठेवून, एकाने मन मोकळे करायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. ही वसतिगृहातली रात्रच नव्हे काय? एकाने रडण्याचे धाडस केले की दुसऱ्याला आपले दुःख सांगायला जागा मिळते. समीक्षकांनी गुरुजींच्या रडवेपणाची पुष्कळ थट्टा केली. मला त्या थट्टेत तथ्य वाटत नाही. पुरुषाने रडू नये असे शिकवणाऱ्या समाजात एका मोठ्या माणसाने उघडपणे डोळे पुसले, ही मुलग्यांसाठी केवढी मोठी सुटका होती!

आणि हा रडणारा माणूस भित्रा मुळीच नव्हता. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले, त्यासाठी त्यांनी रान उठवले. १९३८ मध्ये अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक काढले. खानदेशातल्या शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या लढ्यांत ते उतरले. १९४२ च्या चळवळीत भूमिगत राहिले, पकडले गेले आणि १९४५ पर्यंत तुरुंगात राहिले. बाहेर आल्यावर पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडे व्हावे म्हणून त्यांनी सारा महाराष्ट्र पालथा घातला आणि १ मे १९४७ रोजी उपोषणास प्रारंभ केला. दहा दिवसांनी ते सुटले, मंदिर खुले झाले. वारकऱ्यांच्या महाराष्ट्रातली ही केवढी मोठी घटना! पण मला इथे वेगळीच गोष्ट खुपते. दुसऱ्याच्या दुःखावर उपाय म्हणून या माणसाने प्रत्येक वेळी स्वतःचा देह पुढे केला. गांधीजींची हत्या झाली तेव्हाही त्यांनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचा उपवास केला. जे पाप त्यांनी केले नव्हते, त्याची शिक्षा त्यांनी घेतली.

अमळनेरला मुलांचे मळके कपडे ते स्वतः धुवीत होते. आता देशाचे मळलेले सारे ते स्वतःच्या अंगावर घेऊ लागले होते. पद्धत तीच होती, ओझे मात्र कितीतरी पटींनी वाढले होते.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रांताप्रांतांतल्या मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या, असे त्यांचे स्वप्न होते. त्याच काळात ते आपल्या पुतणीला, सुधाला, पत्रे लिहीत होते. ती 'सुंदर पत्रे' म्हणून प्रसिद्ध आहेत. फुले, पाखरे, ढग, पुस्तके, माणसे यांनी ती भरलेली आहेत. वाचताना वाटते, जगावर इतके प्रेम करणाऱ्याला जग नकोसे कसे होईल? परंतु मन असेच असते, हे वसतिगृहात राहिलेल्यांनी विसरू नये. जो मुलगा स्नेहसंमेलनात सगळ्यांना हसवतो, तो रात्री खोलीत काय करतो हे आपल्याला ठाऊक नसते. त्यांच्या मनाचा लंबक फार मोठे झोके घेत असे. उत्साहाच्या भरात रात्रंदिवस काम, आणि मग अचानक सगळ्यांपासून दूर, मुके होऊन बसणे. संसार त्यांनी केला नव्हता. माणसे मात्र अगणित होती. ती सगळी त्यांच्याकडे आपले दुःख घेऊन येत आणि हलकी होऊन परत जात.

११ जून १९५० रोजी मुंबईत साने गुरुजींनी स्वतः आपले जीवन संपवले. वय पन्नास वर्षांचे.

हे वाक्य आपण पंचाहत्तर वर्षे दबक्या आवाजात बोलत आलो आहोत. कोणी त्याला आत्मार्पण म्हणतो, कोणी म्हणतो की स्वातंत्र्यानंतरचे राजकारण पाहून त्यांचा भ्रमनिरास झाला. भ्रमनिरास झाला होता हे खरेच. पण भ्रमनिरास पुष्कळांचा झाला होता, आणि ते जगले. माणूस असे पाऊल उचलतो तेव्हा त्याचे कारण कधी एकच नसते, आणि ते त्याच्या थोरवीत तर मुळीच नसते. त्या मृत्यूला उदात्त शब्दांत गुंडाळणे मला आता धोक्याचे वाटते, कारण समोर बसलेला अठरा वर्षांचा मुलगा ते शब्द ऐकत असतो. त्याला आपण एवढेच सांगितले पाहिजे की गुरुजींना फार मोठी वेदना होत होती, ती वेदना कमी करणारी मदत त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही, आणि ती पोहोचली असती तर महाराष्ट्राला हा माणूस आणखी वीस-पंचवीस वर्षे लाभला असता. तेव्हा मदत तरी कुठे होती? एका टोकाला वेड्यांची इस्पितळे आणि दुसऱ्या टोकाला देव. मध्ये जवळजवळ काहीच नव्हते. मनाच्या आजारांची अखिल भारतीय संस्था बेंगळुरूला सुरू झाली ती १९५४ साली, गुरुजी गेल्यानंतर चार वर्षांनी.

ज्या मुलाची हकीकत मी वर सांगितली, तो बरा झाल्यावर माझी झोप उडाली. रात्री दोनदा-तीनदा उठून मी खोल्यांवरून फेरी मारू लागलो. बंद दार दिसले की छातीत धडधडे. घरात चिडचिड वाढली. पण सांगणार कोणाला? सगळी मुले माझ्याकडे येत होती. मी कोणाकडे जावे, अशी जागा नव्हती. संस्थेच्या लेखी मी कणखर माणूस होतो. शेवटी पत्नीनेच मला अकोल्याला एका मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले, आणि तेही आम्ही नातेवाइकांना डोळे तपासायला गेलो होतो असे सांगितले! पुतळ्याला हार घालणारा मी, मन दुखते म्हणून डॉक्टरकडे जायची मला लाज वाटली. तेव्हा मला गुरुजींच्या शेवटच्या दिवसांतला एकटेपणा थोडासा उमगला.

आज काळ पुष्कळ बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून नव्हे, तर तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून पाहायला शिकवले. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतूनही मिळते. परंतु त्याच २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. ज्या राज्याने 'श्यामची आई' घरोघर वाचली, त्याच राज्यात! जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. आणि शिकवणाऱ्या व न शिकवणाऱ्या अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा याचे प्रशिक्षण द्यावे. आदेशातला न शिकवणाऱ्या कर्मचाऱ्यांचा उल्लेख वाचताना मला आमच्या मावशी आणि तो चौकीदार आठवले.

आदेश चांगला आहे. भीती आहे ती आपल्या सवयीची. एखाद्या होतकरू, हळव्या प्राध्यापकाच्या गळ्यात हे काम मारायचे, दारावर पाटी लावायची आणि त्याला कौतुकाने गुरुजी म्हणायचे, की झाली व्यवस्था! असे करून आपण आणखी एक साने गुरुजी घडवू, आणि आणखी एक एकटा माणूसही घडवू. हजार मुलांचे दुःख एका छातीत मावत नाही. समुपदेशकाला वेळेची मर्यादा हवी, रजा हवी, आणि ज्याच्यापुढे आपले मन मोकळे करता येईल असा दुसरा जाणता माणूस हवा. मेसच्या मावशींनी सांगितलेली गोष्ट कोणापर्यंत पोहोचवायची याची ठरलेली वाट हवी. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपुरातून आलेल्या मुलीला तिच्या बोलीत विचारणारे कोणी हवे. आणि वसतिगृहात निदान एक माणूस असा हवा, ज्याच्याकडे हिशेबाची वही नाही.

मी निवृत्त झालो त्या वर्षी, ११ जूनच्या कार्यक्रमात मी मावशींना आणि चौकीदाराला पहिल्या रांगेत बसवले आणि गुरुजींच्या तसबिरीला हार त्यांच्या हातून घालवला. काही मंडळींना ते रुचले नाही. मावशींना तर तसबिरीतला माणूस कोण हेही ठाऊक नव्हते. मी त्यांना सांगितले की हे गुरुजी मुलांच्या खोल्या झाडायचे, कंदील पुसायचे, आजारी मुलाजवळ रात्रभर बसायचे. त्यांनी तसबिरीकडे थोडा वेळ पाहिले आणि मला विचारले, की मग यांच्याजवळ कोण बसायचे?

त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. येत्या जूनमध्ये नव्या मुलांच्या पेट्या जिन्यावरून चढू लागतील, तेव्हा त्यांच्यासाठी जागे राहणाऱ्या प्रत्येक माणसाबद्दल हा प्रश्न त्याच्या महाविद्यालयाने स्वतःला विचारावा, एवढीच माझी इच्छा आहे.